पायापर्यंत लाल

“ह्येवढ्यात दोन माणसांचं कालवण बी व्हायचं न्हाई,” आत्या टाकीच्या काचेला नाक लावून म्हणाल्या.

“खायला नाहीत त्या, आत्या.”

“ठावं हाय. दर खेपेला सांगतीस. पण सुकट ती सुकटच. बाजारात पाटीभर मिळती. ती वाळल्याली, ही वली, येवढाच फरक.”

आमच्या तासगावाकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत. माझ्या आत्यांचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं, डोळे अधू, जीभ मात्र शाबूत. मी जुन्या एटीएम कार्डानं टाकीची काच आतून खरवडत होते. रविवारी पुण्याहून पाहुणी येणार होती आणि आज शुक्रवार. टाकीखालचं कापडसुद्धा मी धुऊन, इस्त्री करून घातलं होतं. मुलगी बघायला येणार असल्यावर करतात तशी सगळी तयारी.

“बघा तरी,” मी बोटानं दाखवलं. “ती शेवाळावर बसलीय ना, पोटाखाली पिवळे मणी दिसतात? अंडी आहेत. पायांनी सारखा वारा घालत असते त्यांना.”

आत्यांनी डोळे बारीक केले. “पोटुशी हाय व्हय? मग अशी उघड्यावर कशापायी बसलीया? दिष्ट लागंल की.”

टाकी मुळात माझ्या मुलाची. तो शिकायला बेंगळुरूला गेला, त्याचे मासे एकेक करून गेले आणि रिकामी टाकी टाकवेना म्हणून मी कोल्हापूरच्या एका दुकानातून या कोळंब्या आणल्या. पूर्ण वाढली तरी बोटाच्या पेरापेक्षा मोठी होत नाही अशी जात. आणल्या तेव्हा अंगावर लाल शिंतोडे उडाल्यासारख्या दिसायच्या, बाकी अंग पारदर्शक. शिकवायला कुणी नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. त्यातला माणूस थाई बोलायचा की व्हिएतनामी, मला कळायचं नाही. पण त्याचे हात काय करतात ते कळायचं. भांडी घासता घासता आईकडून स्वयंपाक शिकले, तसंच हे.

त्या माणसाचे हात निवडायचे. प्रत्येक वेतातली फिकट पोरं चहाच्या गाळणीएवढ्या जाळीनं उचलून बाजूला, गडद तेवढी टाकीत. मीही तेच करत आले. फिकट कोळंब्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत. मारवत नव्हत्या म्हणून. असं वर्षानुवर्षं निवडता निवडता टाकीत अशी पैदास उभी राहिली की तिचे पायसुद्धा लाल. पाय लाल होणं फार अवघड असतं. पाठ लवकर रंगते, पाय शेवटपर्यंत काचेसारखे राहतात. मी टाकलेला फोटो बघून पुण्याच्या नाझनीन इनामदारांचा फोन आला होता, तो याच पायांसाठी.

“ताई, हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं होतं.

“मीच केलं.”

“कुठं शिकलात?”

“ओट्यापाशी.”

त्या हसल्या, मग एकदम कामाचं बोलल्या. त्या पाणवनस्पती विकायच्या. आता त्यांना कोळंब्यांच्या पैदाशीची मोठी खोली उभी करायची होती, चाळीस टाक्यांची. ती खोली मी सांभाळायची. राहायची सोय तिथंच वरच्या मजल्यावर, महिन्यातून चार दिवस घरी. रविवारी त्या येणार, पैदास डोळ्यांनी बघणार, पहिला लॉट बरोबर नेणार आणि माझं उत्तरही.

घरात मी ते शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला बोलले. आतापर्यंत नुसतं “पाहुणी येणार आहे” एवढंच म्हटलं होतं.

यांचं बाजारपेठेत शेती औषधांचं दुकान. द्राक्षाच्या छाटण्या होऊन फवारण्या सुरू झालेल्या, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नाही असे दिवस. या दिवसांत यांच्या नखांच्या कडा मोरचुदानं निळ्या झालेल्या असायच्या, टॉवेलही. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ आणि तांबं कोळंबीला विष, म्हणून माझा नियम होता, दुकानातले हात टाकीजवळ न्यायचे नाहीत. हे कधी जवळ जातही नसत.

“पुण्याला?” हे भाकरी मोडत म्हणाले. “त्या तुझ्या माशांसाठी?”

“मासे नाहीत ते.”

“तेच ते. काय करायचं तिथं जाऊन?”

“इथं करते तेच. जास्त टाक्यांत.”

“म्हणजे पुण्यात जाऊन सुकट विकणार तू.” हे मनापासून हसले. “जा की मग. कोण धरलंय? आईचं काय ते बघ म्हणजे झालं.”

“माझं काय बघायचं?” आत्या म्हणाल्या. “मी काय टाकीत हाय?”

“दोन वेळचं कोण घालणार तुला?”

“तुला येतोय की भात. ल्हान हुतास तवा शिकवलाय म्या. इसरला असलास तर परत शिकीवते.”

यावर आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं तर आपण चार दिवस उगाच पोटात घेऊन हिंडलो. हे उठले, हात धुतले आणि बाहेर जाताना टाकीपुढं थांबले. पाठीमागं हात बांधून, वाकून बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“लाल आहेत खऱ्या,” म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी ओटा दोनदा पुसला.

शनिवारी उजाडता उजाडता मी शाळेच्या आवारात गेले. तिथं देशी बदामाचं झाड आहे. त्याची गळलेली तपकिरी पानं पाण्यात टाकली की पाण्याला चहासारखा रंग येतो आणि त्यावर कोळंब्या फार खुलून दिसतात. पाहुणीसमोर त्या खुलून दिसाव्यात एवढीच हौस. चांगली, न फाटलेली पानं निवडून, ओच्यात भरून मी परत आले.

आत्या टाकीपुढं फरशीवर बसल्या होत्या. बाहीपर्यंत ओल्या. समोर फरशीवर पाणी.

टाकीत शेवाळाचा गालिचा होता तसाच हिरवा होता. त्याच्यावर माझ्या कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. काहींचे पाय अजून हलत होते, पण ते चालणं नव्हतं. दोन-चार अजून वेड्यासारख्या काचेवर आपटत वर जात होत्या आणि उलट्या होऊन खाली येत होत्या. गोगलगायी काचेवरून गळून तळाला बसलेल्या.

मी पहिल्यांदा हात घातला तो पावसाच्या पाण्याच्या पिंपात. बादली भरली, जाळीनं जेवढ्या हलत होत्या तेवढ्या उचलून तिच्यात टाकल्या, मग दुसऱ्या बादलीत, मग तिसऱ्या. बदामाची पानं पायाखाली तुडवली जात होती. दुसऱ्या बादलीतल्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्याही आडव्या झाल्या. कोळंबी मेली की तिचा लाल रंग लगेच जात नाही. उलट अर्धा दिवस ती जास्तच लाल दिसते.

“काय झालं, आत्या?”

आत्या भिंतीकडं बघत होत्या.

“आत्या, टाकीत काय पडलं?”

“म्या पाणी वतलं,” त्या म्हणाल्या. “तुळशीचं उरल्यालं. तांब्यात हुतं. म्हणलं, वाया कशाला घालवायचं.”

आत्यांचा तांब्या तांब्याचा. रोज पहाटे अंघोळ करून त्याच तांब्यानं त्या तुळशीला पाणी घालायच्या. आणि तांब्याचा अंश या जीवांना चालत नाही हे मी घरात एकूणएक माणसाला इतक्यांदा सांगितलं होतं की आत्या त्यावरून माझी नक्कल करायच्या. “तांब्याचं पानी मानसाला चांगलं अन् ह्यास्नी वंगाळ. लाडाची लेकरं बाई तुझी.”

मी उठून मागच्या दारी गेले आणि तिथल्या दगडावर बसून राहिले.

हे नाश्त्याला घरी आले. त्या दिवशी दुकान सकाळी लवकरच उघडलं होतं, फवारणीवाले उन्हाच्या आत येतात म्हणून. दारातूनच म्हणाले, “काय गं, एवढं पाणी कसलं?”

“आत्यांच्या तांब्यातलं पाणी पडलं. सगळ्या गेल्या.”

“अरे अरे.” हे खुर्चीवर बसले. टाकीकडं बघितलं नाही. “तांबं ना. तूच म्हणायचीस की, चिमूटभर गेलं तरी सगळ्या एका दमात जातात. आता आईला काय बोलणार? म्हातारं माणूस. जाऊ दे. दुसऱ्या आण.”

“हो,” मी म्हणाले.

“पोहे आहेत का काही?”

मी पोहे केले. शेंगदाणे घातले, वर कोथिंबीरही पेरली. हे खाऊन गेले. आत्यांनी ताटली तशीच ठेवली.

दुपारी मी तो तांब्या शोधू लागले. राग कशावर तरी काढायचा होता. तो माळ्यावर फेकायचा, मोडीत घालायचा, असं काहीतरी डोक्यात होतं. देवघरातल्या त्याच्या जागी तो नव्हता. तुळशीपाशी नव्हता. शेवटी आत्यांच्या खोलीत, पाटाखाली सापडला, वर ताटली झाकलेली.

ताटली काढली. आत पाणी होतं आणि पाण्यात माझ्या पाच-सहा कोळंब्या मरून पडल्या होत्या. सगळ्यात मोठ्या. सगळ्या अंड्यांच्या. अधू डोळ्यांना दिसतील अशा तेवढ्याच. त्यांच्याबरोबर शेवाळाचा एक झुपकाही उपटून आत घातलेला, त्यांना धरून बसायला.

ज्या बाईनं तांब्यातलं पाणी टाकीत ओतलं, तिच्या तांब्यात कोळंब्या कशाला येतील? ओतलेलं पाणी खाली जातं. जीव वर काढायचा असला तर भांडं बुडवावं लागतं, बाही भिजेपर्यंत. आणि एवढ्याशा तांब्यातलं पाणी, ते रात्रभर भरून ठेवलेलं का असेना, एवढी मोठी टाकी घटकाभरात मारत नाही. एवढं मला त्या व्हिडिओतल्या माणसाच्या हातांनी शिकवलं होतं. सकाळीच मला आठवायला हवं होतं. सकाळी मी फक्त लाल रंग बघत होते.

मी टाकीपाशी आले. कालच घातलेल्या इस्त्रीच्या कापडावर, टाकीच्या मागच्या बाजूला, मोहरीएवढा एक खडा पडला होता. निळा. तासगावात लहान पोराला विचारलं तरी सांगेल तो निळा कशाचा ते.

चिमूटभर, हे म्हणाले होते. मी कायम म्हणायचे थेंबभर. पाणी कुणी चिमटीत धरत नाही.

आत्या ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी मान वर केली नाही.

“यात कशाला घेतलंत त्यांना?”

“हाताला त्योच आला.”

“कशातून काढत होतात?”

“पान्यातनं.”

“पाण्यात काय होतं, आत्या?”

“सांगितलं न्हवं सकाळी? तुळशीचं पानी वतलं म्या. किती डाव इचारशील?”

मी तळहात उघडून तो खडा मेथीच्या काड्यांवर ठेवला. आत्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग जिभेला बोट लावून ओलं केलं, खडा टिपला आणि लुगड्याला पुसून टाकला. पांढऱ्या लुगड्यावर निळा ठिपका उमटला.

“म्याच वतलं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही बघितलंत त्यांना.”

“तुळशीला पानी घालून आत येत हुते. वाकला हुता. मला वाटलं कवतिकानं बघतोय. कालच्यासारखा.” त्यांनी मेथीची एक काडी मोडली. “म्हणला, काय न्हाई आई, तू देवाचं कर. अन् गेला. मग ती सारी काचंवर चढाय लागली. म्या तांब्यातलं पानी फेकलं अन् घातला हात.”

“मग खोटं कशाला बोललात?”

“उंद्या त्येच्या म्होरं ताट कशी ठिवणार हुतीस, खरं सांगितलं असतं म्हंजे?”

मी म्हटलं, “ठेवणार नव्हतेच. मी परवा पुण्याला जाते. रिकामी गेले तरी त्या घेतील मला. बरणीतल्या फिकट आहेत, रक्त तेच आहे. वर्षा-दोन वर्षांत रंग परत येईल.”

आत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात मेथीनं हिरवा आणि गार होता.

“आता तू गेलीस,” त्या म्हणाल्या, “तर म्या कुणासाठी खोटं बोलले गं?”

रस्त्यानं कुणीतरी फवारणीचा पंप घेऊन गेला. आम्ही दोघी मेथी निवडत राहिलो. निवडून झाल्यावर आत्यांनी हळूच विचारलं, “पितळंच्या गडव्यात घेतली असती तर?”

“पितळेतही तांबं असतं.”

“अन् स्टीलच्या?”

“आत्या, भांड्याचा काही संबंध नाही. तुम्ही जे पाणी काढलंत ते टाकीतलंच होतं. सोन्याच्या भांड्यात घेतल्या असत्या तरी गेल्या असत्या.”

हे खरं होतं. पण आत्या मान हलवत राहिल्या.

“माझं मन राखू नगंस. मनात चांगलं हुतं, पर भांडं चुकीचं घेतलं म्या.”

नाझनीनबाईंना मी फोन केला. रोग आला, सगळ्या गेल्या, म्हणाले. त्या म्हणाल्या, तरी मी येते. रविवारी आल्या, चहा घेतला, आत्यांना वाकून नमस्कार केला. यांनी त्यांना द्राक्षाच्या औषधांबद्दल बरीच माहिती दिली. जाताना त्यांनी दारात मला विचारलं, “ताई, तुम्ही कधी येताय?”

“बघते,” मी म्हणाले.

बरणी त्यांच्या हातात दिली. गाडीच्या पुढच्या सीटवर त्यांनी ती दोन पायांत धरून ठेवली, तान्ह्या पोरासारखी. पुढं केव्हातरी त्यांनी फोटो पाठवला. पायापर्यंत लाल. खाली लिहिलं होतं, तुमच्याच आहेत. मी त्यावर फूल पाठवलं.

टाकीत तांबं एकदा गेलं की ते वाळूत, स्पंजात, काचेच्या सांध्यांत बसतं. कितीही धुवा, त्या टाकीत पुन्हा कोळंबी जगत नाही म्हणतात. मी परत आणल्या नाहीत, त्यामुळं खरं-खोटं माहीत नाही. गप्पी मासे सोडले. मासे जगतात. हे कधीकधी जेवण झाल्यावर त्यांच्यापुढं उभे राहतात, चिमटीनं खाणं टाकतात.

आत्यांनी त्या दिवसापासून तांब्याचा तांब्या हातात घेतला नाही. देवाला स्टीलचं, तुळशीला स्टीलचं, उशाशी स्टीलचं. यांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, जड हुतोय. शेजारणींना सांगितलं, घासाय हुत न्हाई. दर वेळी नवं कारण. मी तिथं असले की माझ्याकडं बघायच्या नाहीत.

त्या गेल्या त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. दोन दिवस अन्न नव्हतं, बोलणं नव्हतं, श्वास तेवढा चालू. मुलगा बेंगळुरूहून निघाला होता. यांनी देवघरातला काशीचा गडू आणला, त्याचं तोंड फोडलं आणि आईच्या उशाशी बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं यांच्या. आईवर फार जीव होता. ते मी कधीच नाकारलं नाही.

“आई, गंगा आहे. घे.”

यांनी तांब्याचा तो गडू तसाच ओठांना लावला. आत्यांनी ओठ मिटून घेतले.

“आई, एक थेंब.”

ओठ घट्ट. पाणी हनुवटीवरून मानेवर गेलं. हे माझ्याकडं बघायला लागले, काही सुचत नसल्यासारखे.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या वाटीत माठातलं पाणी घेतलं. आले, आत्यांची मान हातावर घेतली आणि वाटी टेकवली. त्यांनी तोंड उघडलं. एक घोट घेतला, मग आणखी अर्धा.

“गंगा नको म्हणाली,” हे म्हणाले. “आणि हे घेतलं. असं का?”

मी आत्यांची हनुवटी पदरानं टिपली.

“तांबं चालत नाही त्यांना,” मी म्हणाले.

यांनी गडू खाली ठेवला. हात मागं घेतले.